आकडा काय लागला?

डिसेंबर उजाडला की रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या परिसरात व्यापारी बागा बघायला येऊ लागतात. बागेचा मालक सोबत असतो. दोघंही मान वर करून चालतात आणि बोलतात कमी. मध्येच व्यापारी एखाद्या कलमाखाली थांबतो, तुरा हातात धरून उलटसुलट करतो, बोटांना चिकटा लागतो का ते बघतो. चिकटा लागला म्हणजे तुडतुडा आहे, आणि तुडतुडा आहे म्हणजे भाव पाडून मागायला हरकत नाही. मग बोलणं सुरू होतं.

"अण्णा, मोहोर बरा आहे. पण थंडी टिकाया हवी."

"टिकेल रे. दरसाल टिकते."

"आणि पाऊस पडला मध्येच तर?"

"पडला तर तुझा. बाग एकदा तुला दिली की वरचा पाऊस पण तुझाच."

या व्यवहाराला करार म्हणतात. जे फळ अजून धरलेलंच नाही त्याचे पैसे ठरतात, काही रोख मिळतात, काही हंगामानंतर. हापूसच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, त्यांतली बहुतेक नर, म्हणजे त्यांना फळ धरायचंच नसतं. उरलेल्यांपैकी बरीच कणी असतानाच गळतात. त्यातून वाचलेल्या फळावर करपा, फळमाशी आणि साक्याचं सावट. शेवटी पेटी वाशीच्या बाजारात पोचली तरी तिचा भाव वर्षानुवर्षं रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरत आला. बागायतदाराला तो नंतर पट्टीवर कळायचा. एवढं सगळं पाहिल्यावर या भागात कोणी ना कोणी म्हणतोच, "आंबा म्हणजे जुगार हो नुसता!"

मला हे वाक्य पटत नाही. या प्रकरणाचा सगळा खटाटोप ते का पटत नाही हे सांगण्यासाठीच आहे. कारण आंब्याला जुगार म्हणायची सवय झाली, की खरा जुगार समोर येऊन बसला तरी तो ओळखू येत नाही. आणि तो हल्ली फार साध्या वेशात येतो.

आंब्यातली जोखीम आपण विकत आणलेली नसते. अवकाळी पाऊस पावसच्या माणसाने बोलावलेला नसतो. तो येणार असेल तर येतोच. प्रश्न एवढाच असतो की त्याचा फटका कोणी सोसायचा, आणि करार म्हणजे तो फटका मालकाकडून व्यापाऱ्याकडे सरकवायची पद्धत. हवामानावर आधारित फळपीक विमाही तेच काम करतो. जुगारात मात्र आधी नसलेली जोखीम पैसे मोजून तयार केली जाते. मुंबईतल्या सट्ट्यावर दहा रुपये लावले नसते, तर तिथला आकडा सात आला काय नि आठ आला काय, पावस गावात कोणाचंही काही बिघडलं नसतं.

हा फरक साहेबालाही उशिराच सुचला. अठराव्या शतकात इंग्लंडात अनोळखी माणसांच्या आयुष्यावर विमा उतरवता येत असे. एखादा सरदार आजारी पडला की लोक त्याच्या नावाने पॉलिसी घेत आणि रोज त्याच्या तब्येतीची चौकशी करत. चौकशीमागे माया नव्हती, एवढं सरदारालाही कळत असावं. १७७४ मध्ये संसदेने कायदा केला की ज्याच्या जगण्यात तुमचं काही गुंतलेलं नाही, त्याचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही. विमा आणि जुगार यांच्यातली रेघ तिथे ठळक झाली.

आपल्याकडे ही रेघ पावसाने ओढली. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत पावसाचा सट्टा जोरात होता. ठरलेल्या वेळात छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील इतका पाऊस पडेल की नाही, यावर पैसे लागत. माणसं पावसाळाभर आभाळाकडे आणि पन्हळीकडे बघत उभी राहत. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा तेव्हा नवा होता, पण १८८९ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाला मान्य करावं लागलं की पावसावर पैज मारणं म्हणजे कायद्यातल्या अर्थाने कुठला खेळ खेळणं नव्हे. पाऊस काही फासा नाही. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा सुधारला आणि पैज लावणं हेही जुगारात घेतलं. घोड्यांच्या शर्यतीला तेवढी सूट राहिली. पावस गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे कोणी पन्हळीवर पैसे लावले असते तर जूनपासूनच सगळे एका बाजूला झाले असते आणि धंदा बसला असता. जुगाराला अनिश्चितता लागते, आणि ती जिथे कमी पडते तिथे बाहेरून आणावी लागते.

तशी ती थेट न्यूयॉर्कहून आणली गेली. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवर येत. त्या भावांतल्या शेवटच्या आकड्यांवर सट्टा लागे. ज्याने आयुष्यात कापसाचं बोंड पाहिलं नव्हतं तोही संध्याकाळी अमेरिकन कापसाची चौकशी करी. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कच्छहून मुंबईत येऊन वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. आता कापूसही नको, न्यूयॉर्कही नको. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, नाव मात्र मडक्याचंच राहिलं.

गिरणगावात तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती. गिरणीत पाळी करायची, चाळीच्या गाळ्यात दहाजणांत झोपायचं, महिन्याला गावी मनिऑर्डर करायची. अशा माणसाला चार आण्यांत रात्रभर पुरेल एवढी आशा मिळत होती. चाकरमानी गणपतीला गावी आला की पेढ्यांबरोबर ओपन, क्लोज, जोडी हे शब्दही यायचे. पुढे टपऱ्यांवर चिठ्ठ्या लिहिणारे बसले आणि "आकडा काय लागला?" हा प्रश्न "जेवलास काय?" इतक्या सहज विचारला जाऊ लागला.

मटक्याचं गणित सोपं आहे, आणि ते एकदा नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. तीन पत्ते निघतात. समजा २, ३ आणि ६. बेरीज ११, तिचा शेवटचा अंक १. हा झाला ओपन. रात्री तसेच आणखी तीन पत्ते, त्यांतून क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका अंकावर दहा रुपये लावले आणि तो लागला तर सर्वसाधारण दराने नव्वद मिळतात. आता टपरीवर दहाजण आले आणि प्रत्येकाने शून्य ते नऊमधल्या वेगवेगळ्या अंकावर दहा रुपये लावले असं धरा. गल्ल्यात शंभर आले. कुठलाही अंक येवो, पैजा घेणारा खायवाल नव्वद देणार आणि दहा ठेवणार. त्याला नशिबाची गरजच नाही. टपरीवरच्या सगळ्या माणसांत न खेळणारा तो एकटाच असतो.

ही दहा टक्क्यांची कात्री एकदा चालून थांबत नाही. गावातले तेच लोक तेच उरलेले पैसे पुन्हा लावतात. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी, मग त्र्याहत्तर. असंच चालू राहिलं तर सातव्या फेरीनंतर गावात अठ्ठेचाळीस रुपये उरतात. या काळात कोणी ना कोणी रोज जिंकत असतो, आणि जिंकलेल्याची गोष्ट एसटीतून पूर्णगडपर्यंत पोचते. हरलेला कोणाला काही सांगत नाही. त्यामुळे गावभर फक्त जिंकल्याच्याच बातम्या फिरतात.

खेळणारे लोक मूर्ख असतात असं समजणं ही मोठी चूक होईल. उलट ते फार डोकं लावतात. मागच्या कित्येक वर्षांचे आकडे मांडलेले तक्ते मिळतात, ते अभ्यासले जातात. स्वप्नात साप आला, रस्त्यात अपघातातली गाडी दिसली, नातू अमुक वाजता जन्मला, या सगळ्याचे आकडे होतात. "पाच बरेच दिवस आलेला नाही, आता यायलाच हवा," हे वाक्य तर हमखास ऐकू येतं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा चेंडू ओळीने सव्वीस वेळा काळ्या घरात पडला. प्रत्येक वेळी लोक वाढत्या रकमा लाल रंगावर लावत गेले, कारण आता लाल यायलाच हवा होता. चेंडूला मागचं काही आठवत नाही. पत्त्यांनाही नाही. तसंच सत्तेचाळीस लावले आणि अठ्ठेचाळीस आले की माणूस हळहळतो, "एका घराने हुकला!" खरं तर अठ्ठेचाळीस आला काय किंवा तीन आला काय, हुकणं सारखंच. पण एका घराने हुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी नक्की परत येतो.

नशिबाची दुसरी बाजूही पावसच्या माणसाला नवी नाही. कोकणात नशीब किती प्रकारांनी विचारलं जातं! ग्रामदेवतेपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो. उजवा आला तर काम पुढे, डावा आला तर थांबायचं. सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला, महिलेला की नाही, याची सोडत निघते तेव्हा तहसीलदारांसमोर एखादं लहान मूल बरणीत हात घालून चिठ्ठी काढतं आणि मिशीला पीळ देऊन बसलेले सगळे इच्छुक त्या पोराच्या मुठीकडे बघत असतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना अगदी सारखी, ५,९४६ मतं पडली. निकाल चिठ्ठीने लागला आणि शहा नगरसेवक झाले. म्हाडाची घरं, आरटीईचे शाळाप्रवेश, सगळं सोडतीवर. यांत नशीब पुरेपूर आहे, पण कोणाची कात्री नाही. उलट कोणालाही झुकतं माप मिळू नये म्हणून नशिबाला पंच नेमलेलं असतं.

गणपतीतल्या पत्त्यांचंही तसंच. आरत्या झाल्या, भजन झालं, की ओसरीवर चटई पडते. मेंढीकोट, झब्बू, रात्र चढली की रमी, आणि पोरं झोपली की तीनपत्ती. काकाच्या खिशातले पन्नास रुपये जावयाच्या खिशात जातात, दुसऱ्या रात्री परत येतात. काकी जो चहा करते तो सगळ्यांना मिळतो आणि त्याचे पैसे कोणी कापून घेत नाही. घरातले पैसे घरातच फिरतात. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं की रमीत मुख्यतः कौशल्य लागतं; कुठले पत्ते खाली पडले हे लक्षात ठेवावं लागतं. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की खेळावर जागेचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे न्यायालयाने काकीच्या चहाचा विचार केला होता.

मोबाइलवरच्या रमीने या निकालाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा जागेवरच ठेवला. कौशल्याचा खेळ, कौशल्याचा खेळ असं जाहिरातींतून सांगितलं गेलं, आणि प्रत्येक डावामागे कंपनीचा वाटा कापला जात राहिला. हा प्रकार कुठवर पोचला होता? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांची विधान परिषदेतली चित्रफीत पसरली. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसत होता. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांच्याकडचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. मला त्या खुलाशातलीच गोष्ट महत्त्वाची वाटते: न मागता, सभागृहात बसलेल्या माणसाच्या हातात रमी येऊन उभी राहते. मटक्याच्या टपरीपर्यंत निदान चालत जावं लागायचं, आणि वाटेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मान खाली घालावी लागायची.

याहून साधं उदाहरण बाजारातल्या सुरमईचं. मासे घेतले, क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले, की स्क्रीनवर एक रंगीत कार्ड येतं. बोटाने घासायचं. खालून कधी अकरा रुपये निघतात, बहुतेकदा 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. गुगलने २०१७ मध्ये 'तेज' नावाने पैसे देण्याचं अॅप आणलं तेव्हापासून अशी कार्डं आपल्या सवयीची झाली. तमिळनाडूत मात्र ही कार्डं देत नव्हते, कारण तिथे १९७९ पासून बक्षीस योजनांवर बंदीचा कायदा आहे. आपल्याकडे आजीसुद्धा नातवाला म्हणते, "थांब, कार्ड मी घासते, माझा हात चांगला आहे."

कार्डात दर वेळी ठरावीक दोन रुपये मिळाले असते तर आठवड्याभरात कोणी ते घासलंही नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचं मोठं पुस्तक १९५७ मध्ये निघालं. टोच मारली की दाणा, असं ठरवून दिलं आणि मग दाणे बंद केले, तर कबूतर लवकरच टोचणं सोडतं. पण कधी तिसऱ्या टोचीला दाणा, कधी विसाव्या, कधी साठाव्या, अशी सवय लावली, तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. कदाचित पुढच्या टोचीला येईल! स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं. मोबाइलवर बोट खाली ओढून 'काही नवीन आलं का' बघणंही त्याच जातीचं आहे, फक्त तिथे पैशाऐवजी वेळ लावलेला असतो.

जुगाराच्या जुनेपणाची साक्ष आपल्या रानातच उभी आहे. कोकणातल्या डोंगरांवर बेहड्याची झाडं आहेत. त्रिफळ्यातला एक भाग त्याचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तातला जुगारी ज्या फाशांनी खेळतो, ते बेहड्याच्या बियांचे होते. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ ओळख द्यायला तयार नाहीत, उद्यापासून जाणार नाही असं ठरवलेलं असतं, आणि फासे पडल्याचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. सूक्ताच्या शेवटाकडे त्याला सांगितलं जातं: खेळू नकोस, शेत कर. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसांच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात जुगाराला घटनेतल्या व्यापार-स्वातंत्र्याचं संरक्षण नाही असा निर्णय दिला, तेव्हा सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी याच सूक्ताचा दाखला दिला होता. शब्दकोडं! त्या काळी घरोघरी पेन्सिल चावत लोक ती सोडवत आणि प्रवेश फी भरून पाठवत. दोन शब्द चपखल बसतील अशी जागा कोड्यात मुद्दाम ठेवलेली असे, आणि त्यातला बरोबर कोणता हे कोडं काढणाऱ्याच्या बंद पाकिटात.

सरकारांनी या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पावलं टाकलेली आहेत. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून. १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा झाला, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी आहेत, आणि २०२० पासून त्यांवर खेळायला गोवेकरांनाच बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्य असो वा नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि वीस हजार कोटींहून अधिक रुपये गेले, असा सरकारचा अंदाज होता. तेव्हा भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर नाव मिरवणाऱ्या ड्रीम इलेव्हनने काही दिवसांत पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. टपरीवरच्या चिठ्ठीवाल्याला १८८७ च्या कायद्याचा जो नियम लागू होता, तो कंपनीला लागू व्हायला इतकी वर्षं लागली, एवढंच मला खुपतं.

पण मोबाइल अजून हातात आहे. रमी गेली, तिथे 'ऑप्शन' आलं. पावससारख्या गावातही आता सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडताना फोनकडे डोळे लावून बसलेली मुलं दिसतात. निफ्टी वर जाईल की खाली, आणि तेही याच आठवड्यात, यावर पैसे. हा सौदा बाजारात बिनकामाचा नाही. ज्याच्याकडे खरोखर शेअर आहेत त्याला पडझडीपासून वाचायला तो लागतो, आंब्याच्या करारासारखाच. ज्याच्याकडे एकही शेअर नाही त्याच्यासाठी मात्र तो पन्हळीतल्या पाण्याचाच सौदा. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वैयक्तिक खेळाडूंपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्यातल्या शेवटच्या वर्षी दलाली आणि इतर शुल्कांपोटीच माणशी सरासरी २६ हजार रुपये गेले. जिंकणाऱ्याचेही गेले, हरणाऱ्याचेही. सेबीने सौद्याची किमान रक्कम पाच लाखांवरून पंधरा लाखांवर नेली, आठवड्याचे सौदे कमी केले, तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले.

जुलै २०२३ पासून प्रत्येक दलालाच्या अॅपवर हे लिहून दाखवणं सक्तीचं आहे: दहापैकी नऊजण तोट्यात जातात. कुठल्याही खायवालाने आपल्या टपरीवर अशी पाटी लावली नव्हती. फोनवर ती रोज सकाळी येते आणि तिच्याखाली 'समजलं' असं बटण असतं. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून मुलं ते दाबतात.